ख्रिश्चन विद्यापीठातला पीए कोर्स निवडताना: मान्यता आणि निकाल कसे वाचायचे

एप्रिलच्या शेवटी कॅस्पाचं नवं अर्जचक्र सुरू झालं की मला फोन यायला लागतात. कॅस्पा म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक पीए (फिजिशियन असिस्टंट) कोर्सेसचा एकत्रित अर्ज. फोन करणारे कोणी महाराष्ट्र मंडळातले पालक असतात, कोणी नुकतीच लग्न होऊन आलेली बीएचएमएस किंवा बीपीटी झालेली मुलगी. प्रश्न बहुधा दोनच असतात, तेही एका दमात. "ताई, कॉलेज ख्रिश्चन आहे, चालेल ना?" आणि "वेबसाइटवर निकाल अठ्ठ्याण्णव टक्के लिहिलाय, म्हणजे चांगलंच असणार ना?"

पहिल्या प्रश्नाला मी लगेच हो म्हणते, दुसऱ्याला मात्र तासभर लागतो. तो तासभर इथे लिहून काढते आहे.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. माझं बालपण मिरजेत, मिशन हॉस्पिटलच्या आसपास गेलं. विल्यम वानलेस या कॅनेडियन डॉक्टरांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल आमच्या भागात कोणालाच परकं वाटत नसे. आजी तिथल्या सिस्टरांबद्दल घरच्या माणसांसारखं बोलायची. पुढे मी बीएचएमएस झाले, एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर अमेरिकेत आले, ग्रीन कार्ड मिळाल्यावर एका ख्रिश्चन विद्यापीठातून पीए झाले आणि आता फॅमिली मेडिसिनमध्ये काम करते. त्यामुळे "चालेल ना" या प्रश्नामागची धाकधूक मला ठाऊक आहे. पण मुलांचं नुकसान त्या धाकधुकीने झालेलं मी पाहिलेलं नाही. नुकसान होतं ते आकडे चुकीचे वाचल्याने.

पीए म्हणजे काय

आपल्याकडे पीए म्हटलं की साहेबांचा सचिव डोळ्यासमोर येतो, म्हणून घरच्यांना नीट समजावून सांगा. इथला पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. २०२१ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने फिजिशियन असोसिएट हे नाव स्वीकारलं, त्यामुळे दोन्ही नावं दिसतील. पीए रुग्ण तपासतो, निदान करतो, चाचण्या सांगतो, औषधं लिहून देतो, शस्त्रक्रियेत मदत करतो. डॉक्टरशी किती जोडलेलं राहायचं, हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये नौदलातून परतलेल्या काही वैद्यकीय जवानांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. आज देशात तीनशेहून जास्त मान्यताप्राप्त कोर्सेस आहेत. कोर्स मास्टर्स पातळीचा असतो आणि बहुतेक ठिकाणी दोन ते अडीच वर्षांचा: पहिला साधारण अर्धा भाग वर्गातला, पुढचा हॉस्पिटल आणि क्लिनिकमधला.

भारतातही हा व्यवसाय आहे. चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये १९९२ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात फिजिशियन असोसिएटचा समावेश आहे. पण भारतातल्या पदवीवर अमेरिकेत पीए होता येत नाही. एमबीबीएस असलात तरी नाही. इथली परवाना परीक्षा फक्त अमेरिकेत मान्यता असलेल्या पीए कोर्समधून बाहेर पडलेल्यांनाच देता येते. मी हे ऐकलं तेव्हा आठवडाभर नीट जेवले नव्हते. साडेपाच वर्षं शिकले होते मी. पण नियम तसाच आहे, आणि तो लवकर कळलेला बरा.

पहिली पायरी: मान्यता नक्की कोणाची आहे ते बघा

ख्रिश्चन विद्यापीठांच्या बाबतीत इथे जास्त गोंधळ होतो, कारण त्यांच्या पानावर मान्यतेची तीन-चार बोधचिन्हं शेजारी शेजारी असतात. ती वेगवेगळी करून वाचा.

एक मान्यता संपूर्ण विद्यापीठाची. दक्षिणेकडच्या राज्यांत ती बहुधा एसएसीएस-सीओसी देते, मध्य भागात हायर लर्निंग कमिशन, कॅलिफोर्नियात डब्ल्यूएससीयूसी. ही नसेल तर पुढे वाचूच नका.

दुसरी गोष्ट धर्माशी जोडलेली. ट्रॅक्स नावाची संस्था ख्रिश्चन कॉलेजांना मान्यता देते. अॅडव्हेंटिस्ट पंथाच्या शाळा-कॉलेजांसाठी अॅडव्हेंटिस्ट अॅक्रेडिटिंग असोसिएशन आहे. सीसीसीयू ही तर ख्रिश्चन कॉलेजांची नुसती सदस्य संघटना आहे. या सगळ्यांना आपापल्या जागी अर्थ आहे, पण पीए म्हणून काम करण्यासाठी यांतल्या एकाचाही उपयोग नाही.

तिसरी मान्यता तुमच्या कामाची, ती म्हणजे एआरसी-पीए. देशातल्या प्रत्येक पीए कोर्सला मान्यता देणारी ही एकमेव संस्था. कोर्स चर्चचा असो, सरकारी असो की खासगी, कसोटी सगळ्यांना तीच. म्हणून "ख्रिश्चन कॉलेजची डिग्री पुढे चालेल का" या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: एआरसी-पीएची मान्यता असेल तर पन्नासही राज्यांत चालेल.

आता दर्जा वाचा. एआरसी-पीएच्या संकेतस्थळावर प्रत्येक कोर्सचं नाव, आजचा दर्जा आणि जुना इतिहास असतो. कॉलेजचं पान न बघता थेट तिथे बघा. दर्जे मुख्यतः असे दिसतील:

- कंटिन्यूड: कोर्स स्थिरावलेला आहे, पुढची तपासणी ठरलेल्या वर्षी होईल. हे चक्र जास्तीत जास्त दहा वर्षांचं असतं. पुढची तपासणी केव्हा आहे ते टिपून ठेवा.
- प्रोव्हिजनल: कोर्स नवा आहे. आराखडा आणि साधनं कागदावर पुरेशी दिसतात, म्हणून विद्यार्थी घ्यायला परवानगी. पुढची मान्यता मिळेलच असं यात गृहीत नाही.
- प्रोबेशन: कमतरता सापडल्या आहेत, सुधारायला मुदत दिली आहे. या काळात मान्यता टिकून असते, पण सुधारणा झाली नाही तर ती जाऊ शकते.
- अॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोबेशन: फी भरणं, अहवाल वेळेत पाठवणं अशा कारकुनी गोष्टी राहिल्या आहेत. ही बहुधा लवकर सुटते.

प्रोव्हिजनल दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. आज नावाजलेले कोर्सही एकदा तिथूनच गेलेत. गेल्या काही वर्षांत लहान ख्रिश्चन विद्यापीठांनी बरेच पीए कोर्स काढले, म्हणून तुमच्या यादीत हा दर्जा वारंवार दिसेल. फक्त लक्षात ठेवा की नव्या कोर्सकडे दाखवायला निकालच नसतो, कारण पहिली बॅच अजून बाहेर पडलेली नसते. तिथे तुम्ही माणसांवर विश्वास टाकता: संचालकांनी आधी दुसरीकडे कोर्स चालवलाय का, शिक्षक पूर्ण भरलेत का, जवळची हॉस्पिटलं लेखी करारात आहेत का.

प्रोव्हिजनलच्याही अलीकडची एक अवस्था आहे, आणि माझी फसगत तिथेच झाली. कोर्स जाहीर झालेला असतो, माहितीपत्रक छापलेलं असतं, मुलाखतीही सुरू असतात, पण मान्यता अजून आलेली नसते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. मी ते वाचलं होतं. पण मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शेवटी माझ्यासाठी प्रार्थना केली, मला आजीची आठवण झाली, आणि ती बारीक अक्षरं मी मनातून काढून टाकली. डिपॉझिट भरलं, मेडिकल असिस्टंटची नोकरी सोडायचं कळवलं, भाड्याचं घर बघायला लागले. महिन्याभरात पत्र आलं की मान्यतेचा निर्णय पुढे गेला आहे, वर्ग किमान एक वर्षाने सुरू होतील. त्या लोकांनी माझ्याशी खोटेपणा केला नाही, पण माझं वर्ष गेलं. म्हणून सांगते, मान्यता हातात नसलेल्या कोर्ससाठी अर्ज करायचा असेल तर जरूर करा, पण दुसरी जागा सोडून देऊ नका.

प्रोबेशनचं पत्र मात्र शब्द न् शब्द वाचा. कारणं कधी शिक्षकांची कमी असते, कधी क्लिनिकल जागांची, अनेकदा स्वतःच्या आकड्यांचं विश्लेषण नीट न करणं हे कारण असतं. शेवटचं कारण सुधारता येतं. क्लिनिकल जागाच नाहीत हे कारण मला सगळ्यांत जास्त घाबरवतं, कारण त्याचा फटका थेट विद्यार्थ्याच्या दुसऱ्या वर्षाला बसतो.

दुसरी पायरी: पॅन्सचा अहवाल उघडा

पॅन्स म्हणजे वर सांगितलेली परवाना परीक्षा; पीएंना प्रमाणपत्र देणारी एनसीसीपीए ही संस्था ती देशभर घेते. ३०० प्रश्न, साठ-साठचे पाच भाग, प्रत्येक भागाला एक तास. गुण २०० ते ८०० च्या मापावर, उत्तीर्ण व्हायला ३५०. कोर्स संपल्यापासून सहा वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा देता येते. ही पास झाल्याशिवाय कोणत्याही राज्यात नव्या पीएला परवाना मिळत नाही.

प्रत्येक कोर्सने एनसीसीपीएने तयार केलेला पाच वर्षांचा पॅन्स अहवाल स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायचा असतो, आणि तो दर वर्षी १ एप्रिलपर्यंत ताजा करायचा असतो. त्यात प्रत्येक बॅचसमोर चार गोष्टी बघा: पहिल्यांदा परीक्षेला बसलेले किती, त्यांतले पहिल्या प्रयत्नात पास किती टक्के, त्या वर्षीचा देशाचा आकडा किती, आणि शेवटी पाच वर्षांची सरासरी.

देशभरातला पहिल्या प्रयत्नाचा निकाल अलीकडे ब्याण्णव-त्र्याण्णव टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे "आमचा निकाल ९३ टक्के" हे वाक्य वाईट नाही, पण त्यात वेगळं असं काही नाही. एखाद्या बॅचचा पहिल्या प्रयत्नाचा निकाल ८५ टक्के किंवा त्याखाली गेला तर कोर्सला एआरसी-पीएला कारणमीमांसा द्यावी लागते. ती रेषा तुमच्याही डोक्यात असू द्या.

या तक्त्यात नव्या माणसाला तीन ठिकाणी अडखळायला होतं.

पहिलं, मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात "१०० टक्के" दिसतं तेव्हा तो कोणता आकडा आहे? पहिल्या प्रयत्नाचा, की दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नानंतर जमलेला? दुसरा आकडा जवळपास सगळीकडे शंभरच्या जवळ जातो. पहिल्या प्रयत्नात नापास झालेल्या मुलाची ठरलेली नोकरी अनेकदा जाते, कर्जाचे हप्ते सुरू होतात आणि तो पुन्हा अभ्यासाला बसतो. त्या आकड्यात हे सगळं झाकलं जातं.

दुसरं, बॅचचा आकार. ख्रिश्चन विद्यापीठांतल्या पीए बॅच अनेकदा लहान असतात. वीस मुलांत एक नापास झाला की निकाल थेट ९५ वर येतो, तीन झाले की ८५ वर. त्यामुळे एका वर्षाच्या घसरणीवरून मत बनवू नका, पाच वर्षांची ओळ एकत्र बघा. ९५, ९०, १००, ९५, ९० ही लहान बॅचची नेहमीची चढउतार. ९८, ९६, ९२, ८८, ८४ अशी ओळ दिसली तर तिथे काहीतरी बिघडतं आहे. मुलाखतीत सरळ विचारा.

तिसरा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे की त्याला वेगळी पायरी द्यायला हवी.

तिसरी पायरी: गळती पॅन्सच्या शेजारी ठेवून वाचा

पॅन्सच्या निकालात फक्त परीक्षेपर्यंत पोचलेले मोजले जातात. वाटेत सुटलेले त्यात नसतात. ते सापडतात दुसऱ्या तक्त्यात, ज्याला अॅट्रिशन टेबल म्हणतात. एआरसी-पीएने ठरवलेल्या नमुन्यात हा तक्ता प्रत्येक कोर्सने जाहीर करायचाच असतो. शेवटच्या तीन बॅचेसची माहिती त्यात असते: मंजूर जागा, दाखल झालेले, बाहेर पडलेले पदवीधर, गळतीचं प्रमाण, पदवीचं प्रमाण.

आणखी एक शब्द शिकून घ्या: डीसेलरेशन. एखादा विद्यार्थी एका विषयात मागे पडला तर त्याला कोर्समधून काढत नाहीत, पुढच्या बॅचमध्ये घेतात. त्याचं एक वर्ष आणि त्या वर्षाचा खर्च वाढतो. गळतीच्या आकड्यात तो येत नाही, पण पदवीच्या प्रमाणात त्याची सावली दिसते.

कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ, कोणत्याही खऱ्या कॉलेजचं नाही. ४० मुलं दाखल झाली, मागच्या बॅचमधली २ त्यांना येऊन मिळाली, एकूण ४२. त्यांतली ५ सोडून गेली: गळती जवळजवळ १२ टक्के. ३ जणांना पुढच्या बॅचमध्ये घेतलं. उरलेल्या ३४ जणांना पदवी मिळाली: ८१ टक्के. या ३४ पैकी ३३ जण पॅन्समध्ये पहिल्या प्रयत्नात पास झाले. मुखपृष्ठावर येणार ९७ टक्के. आता ४२ आणि ३३ शेजारी ठेवा. वर्गात बसलेल्यांपैकी वेळेवर पदवी घेऊन पहिल्याच प्रयत्नात पास झालेले सुमारे ७९ टक्के.

तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजसाठी हा हिशोब वहीत मांडा. दहा मिनिटं लागतात. माझं मत विचाराल तर निकाल ९२ आणि गळती दोन-तीन टक्के असलेला कोर्स मी निकाल ९९ आणि गळती बारा टक्के असलेल्या कोर्सच्या वर ठेवेन. पहिल्या ठिकाणी अडखळलेल्या मुलाला धरून ठेवतात. दुसऱ्या ठिकाणी परीक्षेआधीच चाळण लागत असावी अशी शंका घ्यायला जागा आहे. आणि विद्यापीठ जर आम्ही प्रत्येकाची काळजी घेतो, सेवाभावाने शिकवतो असं सांगत असेल, तर त्या काळजीचा पुरावा मी याच तक्त्यात शोधते. माझ्या बॅचमधल्या एका मुलीचे वडील सेमिस्टरच्या मध्यात वारले. शिक्षकांनी तिची जागा राखली, दर आठवड्याला तिला फोन केला, परत आल्यावर वेगळं बसवून फार्माकॉलॉजी शिकवलं. ती आज बालरोग विभागात काम करते. अशी एक एक मुलगी या तक्त्यात एकेका आकड्याने दिसते.

मुलाखतीत विचारा: गेल्या तीन वर्षांत सोडून गेलेल्यांची कारणं अभ्यासाची होती की घरगुती? नापास विषयाला दुसरी संधी कशी मिळते? नावं कोणी सांगणार नाही, आणि सांगूही नये, पण नीट चालणारा कोर्स या प्रश्नाने बिचकत नाही.

चौथी पायरी: नोकरीचे आकडे

इथे जरा सावध राहा, कारण पॅन्स आणि गळतीसारखा सगळीकडे सारखा असा तक्ता नोकरीसाठी नसतो. "सहा महिन्यांत ९५ टक्के मुलांना नोकरी" असं लिहिलेलं असेल तर किती पदवीधरांनी उत्तरं दिली ते विचारा. तिसात बारा जणांनी कळवलं आणि त्या बाराही जणांना नोकरी होती, तर आकडा शंभर टक्के येतो.

एकंदर बाजार चांगला आहे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये पीएंचं मध्यम वार्षिक वेतन १,३०,०२० डॉलर होतं, आणि हा व्यवसाय सरासरीपेक्षा बराच जलद वाढणाऱ्यांत मोडतो. म्हणून नोकरी मिळते का, यापेक्षा कुठे आणि कोणत्या विभागात मिळते हे विचारणं जास्त उपयोगी. ख्रिश्चन कोर्सेसच्या ध्येयात गरजू भागात सेवा हे शब्द जवळपास नेहमी असतात. मग विचारा, गेल्या तीन बॅचेसमधले किती जण ग्रामीण किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात गेले? किती जण प्राथमिक उपचारात गेले? ध्येयवाक्यात जे लिहिलंय त्याचं मोजमाप कोर्सने ठेवलेलं असतं, ठेवायलाच हवं.

पदवी आणि पहिला पगार यांत अंतर असतं हेही आधी कळू द्या. पॅन्स, मग राज्याचा परवाना, मग हॉस्पिटल आणि विमा कंपन्यांची कागदपत्रं, यात काही महिने सहज जातात. मला पहिला पगार पदवीनंतर पाचव्या महिन्यात मिळाला. तेवढ्या महिन्यांचं घरभाडं बाजूला असू द्या.

पाचवी पायरी: श्रद्धेचे प्रश्न, मोकळेपणाने

ख्रिश्चन हा एकच शब्द असला तरी कॉलेजं एकसारखी नसतात. मिल्वॉकीचं मार्केट (Marquette) आणि ओमाहाचं क्रेटन ही जेझुइट कॅथलिक विद्यापीठं. नॅशव्हिलचं ट्रेवेका चर्च ऑफ द नाझरीनचं, तिथला पीए कोर्स टेनेसीतला सर्वांत जुना. कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा अॅडव्हेंटिस्ट पंथाचं. पुण्याचं स्पायसर याच पंथाचं आहे, त्यामुळे पुणेकरांना हे नाव अगदीच अनोळखी नसावं. लोमा लिंडात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत सॅबथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळतात, आवारात दारू-तंबाखू चालत नाही, शिक्षणात धर्म विषयाचा भाग असतो. आणि तिथलं कॅफेटेरिया शाकाहारी आहे, हे आपल्यातल्या अनेकांना ऐकून बरं वाटतं.

म्हणून "ख्रिश्चन आहे, चालेल ना" असं मोघम विचारण्यापेक्षा प्रवेश कार्यालयाला हे विचारा:

- विद्यार्थ्याला श्रद्धापत्रावर (मी अमुक धर्मतत्त्वं मानतो, अशा निवेदनावर) सही करावी लागते, की ध्येयाचा आदर ठेवणं पुरेसं आहे? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तुम्ही मानत नसलेल्या गोष्टीवर सही करता. माझ्या मते ती करू नये, दुसरं कॉलेज शोधावं.
- आचारसंहितेत काय काय आहे? काही ठिकाणी दारू वर्ज्य, काही ठिकाणी लग्नाशिवाय एकत्र राहणं वर्ज्य. आवाराबाहेरही लागू आहे का?
- चॅपल, म्हणजे कॉलेजातली प्रार्थनासभा, पीए विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे का? पदवीच्या मुलांना असतं तिथेही मास्टर्सच्या मुलांना नसू शकतं.
- परदेशी मिशन ट्रिप (सेवेसाठीचा दौरा) ऐच्छिक आहे का, तिचा खर्च कोणाचा?
- स्त्रीआरोग्याचं रोटेशन (त्या विभागातलं काही आठवड्यांचं क्लिनिकल प्रशिक्षण) कुठे होतं?

शेवटच्या प्रश्नाचं कारण सांगते. अमेरिकेतली कॅथलिक हॉस्पिटलं त्यांच्या बिशपांच्या परिषदेने घालून दिलेले नैतिक निर्देश पाळतात. तिथे गर्भनिरोधनासाठी उपचार किंवा नसबंदीची शस्त्रक्रिया होत नाही. हा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि मी त्याचा मान राखते. पण पॅन्समध्ये गर्भनिरोधनावर प्रश्न येतात आणि रुग्णही त्याबद्दल विचारतात, म्हणून ते शिक्षण दुसऱ्या क्लिनिकमध्ये मिळण्याची सोय आहे का हे समजून घ्यायला हवं. मी शिकले तिथे ती सोय होती.

अर्जातल्या निबंधात "तुमची मूल्यं आमच्या ध्येयाशी कशी जुळतात" असं विचारतात. तिथे नसलेली श्रद्धा दाखवू नका. मी मिरजेबद्दल लिहिलं, आजी पाय सुजल्यावर मिशनच्या ओपीडीत कशी बसायची आणि तिला कोणी जात-धर्म विचारला नाही, एवढंच. मुलाखतीत त्यावरच अर्धा तास बोलणं झालं.

सहावी पायरी: पैसा, व्हिसा, रोटेशन

२०२५ च्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद होतं. सर्वसाधारण पदव्युत्तर कोर्सला केंद्र सरकारचं कर्ज वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण एक लाखापर्यंत, तर व्यावसायिक गटात मोडणाऱ्या कोर्सला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाखांपर्यंत. तुमचा कोर्स कोणत्या गटात धरला जातो हे कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाकडून लेखी घ्या, कारण खासगी ख्रिश्चन विद्यापीठाची फी पहिल्या मर्यादेत बसणं अवघड असतं.

कर्जमाफीचा एक रस्ता इथे जोडलेला आहे. ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत १२० पात्र हप्ते भरले तर केंद्राचं उरलेलं कर्ज माफ होण्याची पीएसएलएफ योजना आहे. धर्मादाय हॉस्पिटलं बहुधा ना-नफा असतात. मात्र पगाराच्या पावतीवर कोणाचं नाव आहे ते बघा. हॉस्पिटल धर्मादाय पण नोकरी खासगी डॉक्टर गटाची, असं अनेक ठिकाणी असतं.

व्हिसाबद्दल थोडक्यात: अनेक पीए कोर्स फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक घेतात. अर्जाचे पैसे भरायच्या आधी ईमेलने विचारा. भारतातली पदवी असेल तर विषयवार मूल्यांकन लागतं, आणि शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारखे विषय इथल्या कॉलेजात पुन्हा करावे लागतील अशी तयारी ठेवा. मी कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी केले.

रोटेशनबद्दल एक नियम पाठच करा: क्लिनिकल जागा आणि शिकवणारे डॉक्टर शोधायची जबाबदारी कोर्सची असते. विद्यार्थ्याने ते शोधावं अशी सक्ती करायला एआरसी-पीएची मनाई आहे. मंडळातल्या एखाद्या डॉक्टरकाकांचं नाव तुम्ही आपणहून सुचवू शकता, पण "तुमची तुम्ही सोय करा" असं कोणी म्हणालं तर ते नियमाबाहेरचं आहे. सध्याच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा: किती वेळा शेवटच्या आठवड्यात जागा बदलली? घरापासून किती लांब जावं लागलं, तिथल्या राहण्याचा खर्च कोणी केला?

डिपॉझिट भरायच्या दिवशी

सकाळी एआरसी-पीएच्या संकेतस्थळावर दर्जा पुन्हा बघा. आयोगाच्या बैठका वर्षातून काही ठरावीक वेळाच होतात, आणि अर्ज ते डिपॉझिट या सात-आठ महिन्यांत दर्जा बदलू शकतो. पॅन्सचा अहवाल, गळतीचा तक्ता, आचारसंहिता आणि फीचं पान, चारही तारखेसकट पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये ठेवा. डिपॉझिट परत मिळतं का, आणि वर्ग पुढे ढकलले गेले तर काय, ही दोन उत्तरं ईमेलमध्ये आलेली असू द्या. फोनवर मिळाली असतील तर त्याच संध्याकाळी "आपण बोललो त्याप्रमाणे" असा ईमेल तुम्हीच पाठवा आणि त्यांच्या होकाराची वाट बघा. नोकरीचा राजीनामा त्यानंतर.